पाइपाला कान

चियातुरात आमची इमारत डोंगराला पाठ टेकून उभी आहे,
पाच मजले, लिफ्ट बंद,
आणि मँगनीजची काळी धूळ इतकी मुरलेली
की धुतलेली चादर
दोरीवरच शिळी होते.

मालखाझ म्हणतो, पाण्याच्या पाइपातून कुणीतरी त्याला हाक मारतं.
रात्री, दोन ते चारच्या मध्ये.
पूर्ण नाव नाही. नुसतं ‘माल’, मग थांबतं,
उरलेलं जणू त्यानंच पुरं करायचं.

पहिल्या वर्षी मी वाद घातला.
प्लंबर आणला, पैसे दिले, पाइप ठोकून दाखवला:
बघ, लोखंड आहे.
दुसऱ्या वर्षी हो-ला हो म्हणायला शिकले.
ते वादापेक्षा वाईट.
खोटं त्याला पटकन ऐकू येतं,
माझ्याहून त्याचा कान तिखट.

गोळ्या मी अक्रोडाच्या कवचात ठेवते,
एका अर्ध्यात सकाळची, दुसऱ्यात रात्रीची.
डबी दिसली की त्याला वॉर्ड दिसतो.
कुतैसीच्या डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत,
म्हणाल्या, चालतंय तर चालू द्या.
परतीच्या बसमध्ये मी ते वाक्य
घाटभर चघळलं.

एकदा मी त्याला कोंडलं.
हे गाळणार होते.
मार्च होता, तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता.
बाहेरून कडी घातली आणि जिन्यात बसून
सूर्यफुलाच्या बिया खाल्ल्या, अख्खा पुडा,
टरफलं मुठीत.
आतून तो दार ठोठावत नव्हता.
हळूच विचारत होता,
‘ईआ, तू बाहेर आहेस की आत?’

लोक म्हणतात, देव बघतोय.
बघू दे.
बघता बघता दोन भांडी विसळली तरी चालेल.

खाणीतल्या दिव्यांच्या खोलीत हाच मालखाझ
दोनशे दिव्यांचे नंबर तोंडपाठ म्हणायचा,
कुठला खाली गेला, कुठला वर आला.
अजून म्हणतो, जेवायला बसण्याआधी.
एखादा नंबर वर येत नाही.
मग सूप निवतं, वर साय धरते,
आणि आम्ही दोघं थांबतो
एकशे सोळासाठी.

मागच्या नोव्हेंबरात, पहाटे तीनला,
मी वाद घातला नाही, हो म्हटलं नाही.
त्याच्या शेजारी फरशीवर बसले
आणि पाइपाला कान लावला.
गार. आधी माझंच रक्त.
मग खरोखर, खूप वरून,
एक बाई.

चौथ्या मजल्यावरची त्सिआला.
रडणं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं नळ सोडलेला
आणि तोच पाइप तिला
मजला मजला उतरवत
आमच्या न्हाणीघरात आणत होता.

‘माल’ नव्हतं ते. शब्दच नव्हता.
पण मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा
त्यानं एक भुवई उचलली,
लहानपणी पत्त्यांत हुकूम टाकताना उचलायचा तशी.

सकाळी पाव घेऊन मी वर गेले.
मागे तो. तीन महिन्यांनी जिना चढलेला, धापा टाकत.
त्सिआलानं दार बोटभर उघडलं.
मी काही बोलायच्या आत तो म्हणाला,
‘रात्री नळ जरा हळू सोडा.
माझी बहीण जागी होते.’
ती बघत राहिली. मग दार उघडलं
आणि आम्हाला चहा पाजला, फार गोड.

यानं तो बरा झाला नाही.
त्सिआला आता मुलीकडे, बातुमीला.
वरचा मजला रिकामा, नळाला गंज.
हाक येतेच. जास्त स्पष्ट येते, म्हणतो,
मध्ये कुणी नाही ना.

तीन वाजता मला आपोआप जाग येते.
फरशीवर उशी टाकून बसते, कान लावते.
‘आलं ऐकू?’
नाही, मी म्हणते. मला नाही.
तो मान हलवतो, रागावत नाही,
स्वतःचा कोट माझ्या पायांवर टाकतो.
‘मग तू झोप,’ म्हणतो,
‘मी आहे जागा.’